पावती

मंगळवारी बुडापेस्टहून ट्रक आला,
ताडपत्रीखाली नऊ टन पैसा.
सही माझी घेतली. हुद्दा: भट्टीवाला.
एवढ्या रकमेवर
आजवर कुणी माझी सही मागितली नव्हती.

दिसायला विटाच. करड्या, मनगटाएवढ्या जाड.
नखानं खरवडलं तर कडेला थोडा निळा,
थोडा शिळ्या मासळीचा गुलाबी,
कुणा थोर माणसाच्या मिशीचं टोक,
अर्धं शून्य.
चलनातून उठवलेल्या नोटा.
आधी कातरतात, मग दाबतात,
मग आमच्यासारख्यांच्या दारात आणून ओततात:
घ्या, जाळा, पाय शेका.

आम्ही म्हणजे मिश्कोल्त्सच्या वर, डोंगरउतारावर
एक्केचाळीस माणसं,
ज्यांचं नाव आता फक्त आमच्याच रजिस्टरात आहे,
आणि एक बॉयलर, माझ्याहून सात वर्षांनी थोरला.

पहिल्या दिवशी झाकण उघडलं आणि
हात थबकला, खोटं कशाला बोलू.
बापानं ओझ्दच्या पोलाद कारखान्यात
एकतीस वर्षं भट्टीपुढे काढली.
महिनाअखेरीचं पाकीट
आई मिठाच्या बरणीमागे ठेवायची
आणि कितीदा मोजलं तरी तेवढंच भरायचं.
त्यातलं एखादं चिटोरं या विटेत असेलही.
तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकलं.
टाकली.

बरी जळते. पेट घ्यायला वेळ लावते,
पण एकदा धरलं की सोडत नाही.
"सावकारासारखी," आमचा आचारी बार्नाबाश म्हणाला.

एटेल्का नेनी रोज सकाळी तळघरात उतरते.
(नेनी म्हणजे मावशी; इथे सगळ्याच कुणाच्या तरी नेनी.)
बचत बँकेत छत्तीस वर्षं खिडकीमागे बसलेली बाई.
अंगठा जिभेला लावते
आणि विटा मोजते.
"काल एकशे बारा. आज सत्त्याण्णव.
पंधरा कुठे गेल्या?"
जळल्या, नेनी.
"मग पावती?"
तेव्हापासून मी पावत्या लिहितो:
विटा पंधरा, मिळाल्या, ऊब दिली, सही.
ती घडी घालून स्वेटरच्या बाहीत खोचते.

जानेवारीत, उणे सतराच्या रात्री,
ती काठी टेकत खाली आली.
हातात लोकरी मोजा, मोज्यात नोटांची गुंडाळी,
रबर वितळून कागदाला चिकटलेलं.
"बदलून मिळतील का?" मी उगाच विचारलं.
"मुदतीची सूचना खिडकीवर मीच चिकटवली होती," ती म्हणाली,
"मला शिकवू नकोस."

मग तिनं सांगितलं. माझ्याकडे नाही, आगीकडे बघून.
एका शुक्रवारी गल्ल्यात तूट आली.
शेजारच्या खिडकीत व्हिल्मा होती,
लिपस्टिक लावायची, नवरा दारुडा,
संशयाला फार लांब जावं लागलं नाही.
व्हिल्माला काढलं. कुणी रडलं नाही.
अडीच वर्षांनी खण अडकला म्हणून
एटेल्कानं तो ओढून काढला, तर मागे, फटीत,
ही गुंडाळी.

"परत का नाही केली?"
"हिशेब बंद झाला होता," ती म्हणाली.
बराच वेळ काही नाही.
मग: "खर्चही करता येईना.
तू सांग, कुणाच्या नावानं खर्च करायच्या?"

मी झाकणाचा चिमटा उचलला.
"थांब. आधी मोज."
मी मोजल्या. तेवीस.
तिनं मोजल्या, अंगठा ओला करून. तेवीस.
पुन्हा मोजल्या.
सुट्या नोटा विटेसारख्या जळत नाहीत,
भप्पकन उठतात आणि संपतात.
एक उडून जाळीला चिकटली, तिला मी सळईनं आत ढकललं.

"पावती," ती म्हणाली.
मी लिहायला लागलो: एटेल्का...
"माझं नाही.
व्हिल्माच्या नावानं लिही."
आडनाव विचारलं. तिला आठवेना.
तळघराच्या पायरीवर बसून राहिली,
ओठ हलत होते, एकेक आडनाव
घालून बघत होती, काढत होती.
मी जागा कोरी सोडली.

त्या रात्री बॉयलरचा काटा एक्काहत्तरवर होता.
रोजच्याइतकाच.